बोर्डिंगामागच्या पाच पत्रावळी

१

पत्रावळी पाच होत्या, आणि पाचांवरही खजुराच्या बिया होत्या.

गुलबर्ग्याच्या त्या बोर्डिंगात चौदा पोरं उपोषणाला बसली होती. सकाळच्या प्रार्थनेत देशाचं एक गाणं म्हणायची त्यांची रीत होती. वरून हुकूम आला, गाणं बंद. पोरांनी गाणं बंद केलं नाही, जेवण बंद केलं. ओसरीवर सतरंज्या टाकून बसली आणि नुसत्या पाण्यावर आठवडा काढत आणला. अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांनी, दारावर पोलिसांचा पहारा बसवला. गावातल्या बाया येता-जाता लांबूनच पोरांची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडू लागल्या.

मग एका सकाळी बोर्डिंगाच्या मागच्या भिंतीपलीकडे, चिंचेखाली, त्या पत्रावळी सापडल्या. हैदराबादच्या एका उर्दू दैनिकानं मथळा दिला: ‘दिवसा उपोषण, सांजेला खजूर!’ खालचा मजकूर लिहिणाऱ्यानं मिटक्या मारत लिहिला असावा. पोरं ढोंगी, त्यांचा म्होरक्या नरसिंह तर पक्का दगाबाज, फराळाच्या पत्रावळींचे ढीगच्या ढीग सापडले, वगैरे वगैरे. चहाच्या हाटेलात त्या अंकाचं जाहीर वाचन झालं. काल हात जोडणारी माणसं आज ओसरीपुढून जाताना विचारू लागली, ‘काय बाळ, खजूर गोड होता का?’

गर्दीला काय, टाळीही वाजवता येते आणि थापडही मारता येते. हात तेच.

त्या दुपारी भीमसेनराव वकील पाटावर बसले होते. रमजान असल्यामुळे कचेऱ्या लवकर सुटत आणि वकीलसाहेबांना जेवणाला मोकळी दुपार मिळे. जेवण हा त्यांचा खरा धंदा, वकिली जोडधंदा. चिटगुप्प्यापासून आळंदपर्यंत लिंगायतांची, मराठ्यांची, बामणांची, मुसलमानांची, कुणाचीही पंगत त्यांनी सोडली नव्हती. पत्रावळ बघून जेवणारा कोण आणि कुठला ते सांगीन, अशी त्यांची पैज असे.

पहिला घास उचलतात तोच दारात शारदाबाई उभ्या. आळंदच्या शाळामास्तरांची विधवा, नरसिंहाची आई. दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

“बसा अक्का, दोन घास खाऊन घ्या,” वकील म्हणाले.

“मी जेवत न्हाई. पोरगं बसलंय तवापासून मी बी पाण्यावर हाय. त्याला ठाव न्हाई.” त्यांनी पदराआडून तो अंक काढला. “मला हे वाचता येत न्हाई. शेजाऱ्यानं वाचून दावलं. उद्या हेडमास्तर दाखल्यावर ‘दगाबाज’ लिवून त्याला काढायलेत. मग कोणती शाळा घेईल त्याला? पर ते ऱ्हाऊ द्या. माझं पोरगं जेवलं का न्हाई, येवढंच सांगा. जेवलं आसंल तर आईला उपाशी ठिवून जेवलंय. मला ते कळल्याबगर घास जायचा न्हाई.”

भीमसेनरावांनी ताटाकडे पाहिलं. तूप सोडलेलं वरण, गरम भाकरी. उपाशी बाईसमोर घास काही उतरेना. त्यांनी ताट सरकवलं आणि आचवायला उठले. घरातली सगळी माणसं घाबरून बाहेर आली. साहेबांनी भरलं ताट सोडलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

२

हेडमास्तरांनी पुरावा टोपलीत घालून कोठीत कुलूपबंद ठेवला होता. नाकाला रुमाल लावून त्यांनी टोपली पुढे केली.

“पाहा. आता काय वकिली करता?”

“ढीग कुठाय? पेपरात तर ढीगच्या ढीग लिहिलेत.”

“पाच काय नि ढीग काय! पाचजण जेवले. त्यात नरसिंह असणारच. उद्या सकाळी अमीनसाहेबांच्या समोर दाखला लिहितो.”

भीमसेनरावांनी एकेक पत्रावळ उचलून उजेडात धरली. देवाच्या मूर्तीकडेही त्यांनी इतक्या बारकाईनं कधी पाहिलं नसेल. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे. तुरीचं वाळलेलं वरण. कडेला लसणाच्या चटणीचा तांबडा डाग. आणि खजुराच्या बिया. त्यांनी नखानं एक बी खरवडली. बीवर वरणाचा पापुद्रा वाळला होता. दुसऱ्या पत्रावळीवरही तसाच, आणि उरलेल्या तिन्हींवरही.

“खजूर बोर्डिंगात येतो का?”

“कुठला खजूर! इथं गूळ मोजून देतो मी.”

“मग पोरांना कुणी दिला?”

“बाहेरून कुणी फूस लावणाऱ्यानं. उपवासाला खजूर चालतोच की हो आपल्या लोकांत. फराळ केला पोरांनी, दुसरं काय!”

वकिलांनी पत्रावळ खाली ठेवली. उपवासाला खजूर चालतो हे खरंच. सगळ्या गावानं तेच मानलं होतं. पण त्या लसणाच्या डागाशी त्यांचं पोट भांडू लागलं. भुकेमुळं असेल, असं त्यांना वाटलं.

३

बोर्डिंगाचा आचारी तिप्पण्णा चुलीपाशी बसून राख चाळवत होता. आठवडाभर त्याला खरं काम नव्हतं, तरी चूल पेटती होती.

“कुणासाठी शिजवतोस रे?”

“हेडमास्तरचा हुकूम हाय, अण्णा. रोज सांजच्याला भाकरी-वरण शिजवायचं, लसणाची चटणी वाटायची, भांडी पोरांच्या म्होरं ओसरीवर न्हेऊन ठिवायची, पत्रावळी बी. वास लागला की पोरं आपसूक खातील म्हणं.” तिप्पण्णानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “पाप हाय हे. सकाळी भांडी जशीच्या तशी भरल्याली मिळत्यात.”

“रोज?”

तिप्पण्णा पुन्हा राख चाळवू लागला.

“तिप्पण्णा, आई उपाशी हाय त्या पोराची.”

“त्यो एकच दिस सोडून,” तो हळूच म्हणाला. “पत्रावळी गावल्या त्याच्या आदल्या सांजंला. वरणाचं भांडं अर्धं रितं झालतं. मी कुणाला बोललो न्हाई.”

भीमसेनराव शेजारच्या पोत्यावर बसले. पोरांच्या पुढ्यातलंच अन्न गेलं होतं, म्हणजे पत्रावळी बाहेरून आणून टाकलेल्या नव्हत्या.

“कुणी नेलं ते पाहिलंस?”

“व्हय.” तिप्पण्णानं मान वर केली नाही. “नरसिंहानं. दोन्ही हातांनी भांडं उचलून मागल्या दारी घिऊन गेल्यालं ह्या डोळ्यांनी बघिटलं मी.”

४

नरसिंह भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटले होते. गालफडं बसली होती. डोळे मात्र आईचेच, समोरच्याला माघार घ्यायला लावणारे.

“जेवलास?”

“न्हाई.”

“भांडं मागं कामून नेलंस?”

नरसिंहानं सतरंजीचा काठ गुंडाळला.

“उद्या दगाबाज लिहितील तुला.”

“लिवू द्या.”

“आईला तरी सांग. मी तुझा निरोप नेतो.”

पोराचे डोळे पहिल्यांदाच हलले. “आईला तर मुळीच न्हाई. तिनंच तर शिकवलंय.”

“काय शिकवलंय?”

त्यानं तोंड फिरवलं. बाकीच्या पोरांनीही माना खाली घातल्या. भीमसेनरावांनी पुष्कळ खोटारडे पाहिले होते, ते त्यांच्या धंद्याचं गिऱ्हाईकच. खोटारडा माणूस विचारल्याबरोबर कायतरी सांगतो. ही चौदा पोरं काहीच सांगत नव्हती.

ते मागच्या दारानं बाहेर पडले. परसात एक जवान उभा, भिंतीतल्या दिंडीच्या छोट्या दारापाशी दुसरा. दोघांनी त्यांची अंगझडती घेऊन त्यांना पलीकडे सोडलं. पलीकडे चिंच. तिच्या सावलीत जमादार लाडलेसाब बंदूक आडवी घेऊन बसलेला.

“पोरांना इथवर येऊ देता का, जमादार?”

“नक्को वकीलसाब, कैसा येऊ देणार? हुकूम नाय.”

“मग पत्रावळी इथं कशा आल्या?”

लाडलेसाबनं चिंचेकडे पाहिलं, जणू चिंचच उत्तर देणार होती. “हमना क्या मालूम,” तो म्हणाला आणि बंदुकीचा पट्टा उगाच घट्ट करू लागला.

५

बातमीदार किशनराव हाटेलाच्या माडीवर राहत. माणूस तसा गोड बोलणारा, पान देऊन स्वागत करणारा. भीमसेनरावांनी पान घेतलं नाही. हाही त्या दिवसातला नवलाचा प्रसंग.

“उर्दू पेपरातली खजुराची बातमी तुमची?”

“वार्ताहर नाव फोडत न्हाईत, वकीलसाहेब.”

भीमसेनरावांनी कोटाच्या खिशातून दुसरा अंक काढला. सोलापूरचं मराठी साप्ताहिक. हैदराबादच्या मुलखात त्याला बंदी, त्यामुळं तुरीच्या पोत्यांतून अक्कलकोट-आळंदमार्गे येई आणि त्यामुळंच जास्त वाचलं जाई. पहिल्याच पानावर मथळा होता: ‘उपाशी बालकांसमोर पोलिसांची खजूर-मेजवानी!’ खाली पोरं मूर्च्छित पडल्याचं, पोलिसांनी बिया त्यांच्या अंगावर थुंकल्याचं आणि नरसिंहानं ‘प्राण गेला तरी बेहत्तर’ अशी गर्जना केल्याचं वर्णन होतं.

“तिथं पोरं लफंगी, इथं पोरं हुतात्मे,” वकील म्हणाले. “पण दोन्हीकडं खजुराच्या बिया. भाकरी दिसली न्हाई, चटणी दिसली न्हाई, दोघांनाही बियाच दिसल्या. दोन माणसांना येवढं सारखं दिसत न्हाई, किशनराव.”

किशनरावांनी पान गालात सरकवलं आणि हसले. “एका बीतून दोन झाडं उगवली म्हणा की. सकाळी फिरायला गेलो, पत्रावळी दिसल्या. तिकडच्या संपादकाला चोर पोरं पायजे होती, तिकडं ती दिली. सोलापूरच्याला वीर पोरं पायजे होती, त्याला ती दिली. दोघंबी खूश.”

“आणि पोरांना काय पायजे होतं ते विचारलं?”

“पोरं कुठं पेपर काढत्यात?”

“एकदा तरी ओसरीवर जाऊन बसलात? एखाद्या पोराशी बोललात?”

“बोललो असतो तर येकच बातमी झाली असती ना!” किशनराव अगदी मनापासून म्हणाले. त्यांना यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं, आणि भीमसेनरावांना त्याचाच जास्त राग आला. ते ताडताड जिना उतरले.

खाली बाजारात तोबा गर्दी. फळांच्या गाड्यांवर माणसं तुटून पडली होती. एवढ्यात किल्ल्यावरून तोफ झाली. रोजा सोडायची तोफ. गर्दी जागच्या जागी थांबली. समोरच्या शिंप्यानं शिलाईयंत्राचं चाक थांबवलं, पुडी सोडली, एक खजूर तोंडात टाकला, बी काढून पानाच्या कडेला ठेवली, आणि मग पोरानं आणलेलं सालन त्याच पानावर वाढून घेतलं. सालनाचा रस्सा ओघळून बीवर आला.

भीमसेनराव भर रस्त्यात उभे राहिले. मागून आलेला टांगेवाला ओरडला. ते त्यांना ऐकूही गेलं नाही.

६

“अक्का,” त्यांनी घरी येऊन विचारलं, “पोराला अन्नाबद्दल काय शिकवलंत तुम्ही?”

शारदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. “काय शिकवणार? पानात टाकू नये. दारी आल्याला उपाशी लावू नये. आन वाढल्यालं बोलून दावू नये. वाढणाऱ्यानं बोललं की खाणाऱ्याचं अन्न इख होतं, आसं त्याचे वडील म्हणायचे.” त्या थांबल्या. “कामून?”

“उद्या सकाळी सांगतो.”

ते तसेच बोर्डिंगामागच्या चिंचेकडे गेले. लाडलेसाब आणि त्याचे चार जवान नुकताच रोजा सोडून बसले होते. आज ठाण्यातून रोटीचा डबा वेळेवर आला होता.

“जमादार, मी बोलतो, तुम्ही ऐका,” भीमसेनराव दगडावर बसत म्हणाले. “उपवासाचा फराळ करणारा खजूर खाईल, पण त्याच पानात लसणाची चटणी घेणार न्हाई. चोरून जेवणारा भाकरी हाणील, त्याला खजूर कशाला? खजूर आधी आणि जेवण नंतर, असं एकाच पानात जेवतो तो रोजेदार. बियांवर वरण सांडून वाळलंय, म्हणजे बिया आधीच्या. गावात अर्धी माणसं रोजे करायलीत आणि अर्धी उपास, तरी रोज्याचं एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई. उपास म्हटलं की आम्हाला आमचाच आठवतो. आता पाच पत्रावळी. इथं पाचजण तुम्हीच. आणि तुमच्या नजरेआड पोरांनी इथं जेवायचं म्हटलं तरी जमलं नसतं. पोरं जेवली असती तर तुम्ही त्यांना पकडून अमीनसाहेबांकडं नेलं असतं. तुम्ही गप्प बसलात. बरोबर?”

एका तरुण जवानानं खाली पाहून पायानं माती उकरली.

“हौ,” शेवटी लाडलेसाब म्हणाला. “उस दिन चौकात जुलूस अडकला, डबा आलाच नाय. तोफ झाली. जेबमें खजूर होता, उतनाच. वो नरसिंह दिंडीतून बघत होता. भांडं घेऊन आला, पत्रावळी मांडल्या, खुद वाढला. मी बोला, बेटा, तू भुका है, हमना कैसा उतरेगा? तो बोला, तुमचा रोजा सुटायची येळ झाली, आमची न्हाई झाली.”

त्यानं डोळे पुसले, लाज न बाळगता.

“पेपर आया तो मी बोलायला गेला पोराकडं. त्यानं हात धरला. बोला, वाढल्यालं वाढणाऱ्यानं बोलू नये, आईनं शिकवलंय; तुम्ही बी बोलू नका, नौकरी जाईल. वकीलसाब, कैद्याच्या हातचं खाल्लं म्हणून सच्ची जाईल. दो बेट्या हैं घरमें.”

भीमसेनरावांना एकाच वेळी कोडं सुटल्याचा आनंद झाला आणि ते सुटल्याचा पस्तावाही. खरं सांगावं तर जमादार मेला, न सांगावं तर पोर मेलं. पोरानं तर आपली निवड कधीच केली होती.

“मी तोंड उघडणार न्हाई,” ते उठत म्हणाले. “पोराचा शब्द मी कोण मोडणार? येवढंच सांगतो. त्याची आई आळंदहून आलीय, तुमच्याच गावची. पोरगं बसलं तेव्हापासून तीबी जेवलेली न्हाई.”

७

सकाळी हेडमास्तरांनी दौत उघडली. अमीनसाहेब खुर्चीत, नरसिंह भिंतीशी, शारदाबाई दारात. किशनराव पेन्सिल काढून तयारच होते.

“वकीलसाहेब, काही म्हणायचंय?”

“न्हाई,” भीमसेनराव म्हणाले. हा एक शब्द उच्चारायला त्यांना फार जड गेलं.

शारदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर त्यांना पुढं कितीतरी दिवस आठवत राहिली.

हेडमास्तरांनी टाक बुडवला, आणि दारातून लाडलेसाब आत आला. त्यानं अमीनसाहेबांना सलाम ठोकला, कमरेचा पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला.

“हुजूर, वो खाना मी खाल्ला. मी आणि माझे चार जवान. जवानांना मीच बसायला लावलं, कसूर माझा. ह्या पोरानं एक घास नाय खाल्ला. आमचा रोजा सोडवला त्यानं.”

“जमादारचाचा!” नरसिंह ओरडला. “बोलायचं न्हाई म्हणलं होतं ना!”

लाडलेसाब त्याच्याकडे नाही, शारदाबाईंकडे वळला. “अम्मा, वाढणाऱ्यानं बोलू नये, ते बरोबर है. तुमचा बेटा नाय बोलला. पण खाणाऱ्यानं तो बोलना चाहिये.”

अमीनसाहेबांनी पट्टा उचलून हातात घेतला. त्यांचाही रोजाच होता. नोकरी त्यांनी काढून घेतली नाही. दंडावरची फीत मात्र तिथल्या तिथं उतरवून घेतली आणि जमादाराचा शिपाई केला. चार जवानांची नावं त्यांनी विचारलीच नाहीत.

हेडमास्तरांनी दाखला लिहिलाच. पण आता त्यात ‘दगाबाज’ लिहिण्याची त्यांची हिंमत झाली नाही. ‘हुकूम मोडून गाणे म्हटल्याबद्दल काढले’ असं लिहून त्यांनी कागद पुढे केला. भीमसेनरावांनी तो मोठ्यानं वाचला.

“गाण्यापायी काढलं,” शारदाबाई म्हणाल्या. “हे खरं हाय. हे चालंल मला.”

बाकीच्या तेरा पोरांनीही दाखले मागितले. सरहद्दीपलीकडे सोलापुरात शाळा होत्या आणि तिथं गाणं म्हणायला बंदी नव्हती. ओसरीवरच्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. लाडलेसाबनं रुमालाची गाठ सोडून खजूर पुढे केले. “माझी येळ संध्याकाळी, अम्मा. तुमची आत्ता.” शारदाबाईंनी एक घेतला, निम्मा तोडून नरसिंहाच्या तोंडात घातला, आणि तेव्हा त्याला कळलं की आईही उपाशी होती. तो एवढा धीट पोरगा, पण तिच्या पदरात तोंड घालून लहान पोरासारखा रडला.

किशनरावांनी त्या दिवशी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं, आणि दोन्हीकडे एकच मजकूर पाठवला. दोन्ही संपादकांनी तो परत केला. चोर नाही, हुतात्मा नाही, मग यात बातमी काय, असं दोघांचंही म्हणणं पडलं.

तिप्पण्णानं भाकरी टाकल्या, पेज केली. शारदाबाईंनी स्वतः पोरांना वाढलं, आणि मग एक पत्रावळ वकिलांच्या पुढे मांडली. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की काल दुपारी सरकवलेल्या ताटानंतर आपणही जेवलेलो नाही.

“अक्का, हे गावाला कळायला पायजे,” ते म्हणाले.

“माझ्या तोंडून न्हाई कळायचं. माझ्या पोराच्या बी न्हाई.” शारदाबाईंनी वरण वाढलं, लसणाची चटणी वाढली. “जेवा आधी.”

भीमसेनराव पत्रावळीत काही न टाकता जेवले. नंतर बिदरापासून आळंदपर्यंत ज्या ज्या पंगतीत ते बसले, तिथं तिथं त्यांनी ही गोष्ट सांगितली. कुणी विचारलं की साहेब, हे सांगायचा तुम्हाला काय अधिकार, तर ते म्हणत, “मी त्या आईच्या हातचं खाल्लंय.”